व्हिडिओतले हात

क्लासचं नाव इथं येणार नाही. नाव छापलं की जाहिरात होते, आणि जाहिरात झाली की पुढच्या जूनमध्ये आणखी शंभर बाप पोरांचं बोट धरून त्या दारात उभे राहतात. आपल्याकडे बदनामीलासुद्धा प्रसिद्धी समजतात. क्लास अकोल्यात आहे, तिथं पोरांचे डॉक्टर करतात म्हणे, आणि मोर्शी तालुक्यातल्या नितेश माहोरेची पोरगी प्रणाली तिथल्याच होस्टेलात राहून बारावी आणि डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा असं दोन्ही करत होती, एवढं पुरे.

होस्टेलात स्मार्टफोन बंद. बटनांचा डब्बा फोन चालतो, पण तोही वॉर्डनच्या कपाटात. पोरांना फोन बंद आणि त्यांच्या आईबापांना मात्र क्लासनं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात कोंबलेलं. ग्रुपचं नाव 'पालक परिवार'. रविवारी परीक्षा, सोमवारी ग्रुपवर निकाल. वरची दहा पोरं फेटे बांधलेल्या फोटोत, खालची दहा लाल अक्षरात, नावासकट, गावासकट. फेटेवाल्यांच्या खाली टाळ्या आणि गुलाबाची फुलं. लाल नावांच्या खाली एखादा शहाणा हमखास लिहिणार, 'पालकांनी लक्ष द्यावे.'

प्रणाली आधी फेट्यात होती. तेव्हा नितेश तो फोटो स्टेटसला ठेवायचा आणि मग दिवसभर कोणी कोणी पाहिला ते मोजायचा. कृषी केंद्रात खत घ्यायला गेला तरी आधी फोन पुढं. त्याच्या साडभावाचा पोरगाही त्याच क्लासात होता, म्हणून साडभावानं पाहिला का, आणि पाहून काही बोलला का नाही, हा घरात जेवतानाचा विषय.

दिवाळीनंतर पोरगी घसरली. डिसेंबर लागला तशी लाल झाली. नितेशच्या स्टेटसला संत्र्यांचे फोटो आले.

आता हा माणूस वाईट नाही. पोरीवर जीव आहे त्याचा. पण जीव असला म्हणून अक्कल येतेच असं नाही. डिसेंबरात संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, बाग मेल्यासारखी दिसते. मग जानेवारीत पाणी सोडलं की सगळं झाड फुलांनी भरून जातं. तहान लागल्याशिवाय बहार धरत नाही. हे खरं आहे, मोर्शीत शेंबडं पोरगंही सांगेल. नितेशनं हेच पोरीला लावलं.

"बागेचं पाणी तोडलं ना आपण? तसंच तिचंबी तोडतो," तो बायकोला म्हणाला. "घरी येणं बंद. तुयाशी फोनवर बोलणं बंद. तू बोलली का ते रडते, ते रडली का तू विरघळते. जानेवारीपर्यंत कोणी बोलाचं नाही. मंग पाय कशी वर येते."

"आन् नाही आली तं?" रागिणीनं विचारलं.

"तू सयपाक कर."

त्यानं वॉर्डनला तसं कळवूनही टाकलं. वॉर्डन खूश. असे पालक फार कमी असतात म्हणाला.

बुधवारची संध्याकाळ. रागिणी चुलीपुढं भाकरी थापत होती. नितेश बाजेवर आडवा, फोन तोंडावर.

"अवो, हे पाय! याले म्हणतात शिस्त."

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. एक टेबल. टेबलावर कोपऱ्यात तडा गेलेला स्मार्टफोन, बाजूला हातोडी. सरांचा आवाज सांगत होता, "हा एका विद्यार्थ्याकडे सापडला. गादीच्या आत शिवून ठेवला होता. आता तोच विद्यार्थी स्वतःच्या हाताने आपल्या प्रगतीतला अडथळा दूर करेल." चेहरा दाखवलेला नव्हता. 'आम्ही मुलांची ओळख गुप्त ठेवतो,' असं व्हिडिओखाली लिहिलेलंही होतं. नुसते दोन हात. हातोडी उचलली, पडली, फोनच्या बाजूला टेबलावरच लागली. मागून पोरं फिदीफिदी हसली. पुन्हा उचलली. काच उडाली. मग टाळ्या.

नितेशनं तोवर आपल्याही टाळ्या पाठवून दिल्या होत्या. ओळीनं पाच-सहा, आणि खाली, 'असंच पाहिजे सर. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' व्हिडिओ स्टेटसलाही चढवून झाला होता.

"पुन्हा लावा," रागिणी म्हणाली.

"काहून?"

"लावा म्हणते ना."

त्यानं लावला. ती पिठाच्या हातानं फोनवर वाकली. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं. दोन वर्षांची असताना दाराच्या फटीत सापडला होता तो अंगठा, तेव्हापासून ते नख असंच दुभंगून वाढतं. बाकीच्या बोटांना नखं नव्हतीच. खाऊन खाऊन मांस दिसू लागलं होतं.

"प्रणाली हाये हे."

"काहीबी!" नितेश हसला. मग त्यानं स्वतः पाहिलं. मग आणखी एकदा. तव्यावरची भाकर जळाली, तिचा वास घरभर झाला, कोणी उठलं नाही.

"टाळ्या काढा आधी," रागिणी म्हणाली.

"काढल्या तं 'मेसेज डिलीट केला' असं दिसते ना तेथी. लोकायले समजीन."

"समजू द्या."

"तुले अक्कल हाये का? साडभाऊ हाये त्या ग्रुपात!" आणि मग घाबरलेला बाप जे करतो तेच त्यानं केलं. आवाज चढवला. "फोन गादीत शिवून ठेवते म्हणजे काय? कोनाशी बोलत होती, ते विचार आधी! चूक तिची हाये. सरायनं बरोबरच केलं."

"कोनाले विचारू? बोलू देता का तुमी? झाडाले तोंड नाही म्हणून आपण पानं पाहून अंदाज करतो. तिले तोंड हाये, प्रणालीचे बाबा. तुमी तिचं फोनवर बोलणंच तोडलं आन् आता आपल्या मनानं अंदाज करून राहिले."

"बाग कोण सांभाळते या घरात?"

"बाग तुमी सांभाळा. पोरीले मी पाहून घेईन."

आतल्या खोलीतून सासूचा, मैनाबाईचा, आवाज आला. "जाय वो तू सकाळच्या गाडीनं. याच्या भाकरी मी थापीन. जळक्या झाल्या तं जळक्या खाईन तो, मरत नाही."

सकाळी रागिणी मोर्शीहून अमरावतीला आणि तिथून अकोल्याच्या गाडीत. गाडीत चहूकडून रील वाजत होते. पुढच्या सीटवरचा म्हातारा एकच विनोद पुन्हा पुन्हा ऐकून हसत होता. शेजारची बाई लेकराला फोन देऊन झोपली होती. सगळ्या जगाला फोन चालतो. फोडायचा फक्त सतरा वर्षांच्या पोरीचा.

क्लासच्या ऑफिसात थंडीतही एसी. भिंतीवर फेटेवाली पोरं. खुर्चीत क्लासचे मालक, सगळे त्यांना चंदन सर म्हणत. माणूस गोड. उठून उभे राहिले, चहा मागवला.

"बसा ताई. एवढ्या लांबून आलात. फोन केला असता तर..."

"फोनवर तुमी पोरगी देत नाही, सर."

"ते तुमच्या मिस्टरांनीच सांगितलंय." सर हसले. "हे बघा ताई, कालच्या व्हिडिओबद्दल म्हणाल तर आम्ही चेहरा अजिबात दाखवलेला नाही."

"मायले चेहरा लागत नाही, सर."

टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. त्यांनी पाहिला आणि पालथा ठेवला. "आमचाही जीव तुटतो ताई. पण या फोननं अख्खी पिढी वाया घालवली. कुणीतरी कठोर व्हायलाच पाहिजे ना?" फोन पुन्हा थरथरला. त्यांनी पुन्हा उचलून पाहिला.

"घ्या घ्या, तुमचा वाजून राहिला," रागिणी म्हणाली. "मी बसतो."

सरांचा गोडवा थोडा उतरला. त्यांनी ग्रुप उघडून तिच्यापुढं सरकवला. "सगळ्यात आधी टाळ्या कुणाच्या आहेत वाचा जरा. नितेश माहोरे, मोर्शी. आता घरात एक आणि इथं एक असं कसं चालेल?"

हे तिला लागलं. लागायचंच होतं. पण ती उठून गेली नाही.

"त्याईनं वाजवल्या. त्याईचं काय कराचं ते मी घरी पाहीन. तुमचं पाहाले इथं आली. पोरीले बोलवा."

"लेक्चर सुरू आहे. मधून उठवलं तर तिचंच नुकसान होईल. दुपारी चार वाजता या."

चहा आला. तो तिनं घेतला नाही. ती उठली, ऑफिसचं दार उघडलं आणि सरळ आतल्या पॅसेजात चालू लागली. "ताई, ताई, असं आत जाता येत नाही," करत सर मागून. पहिलं दार उघडलं, वर्ग रिकामा होता. दुसरं उघडलं. माइकवरून शिकवणारा मास्तर गप्प झाला आणि दीड-दोनशे डोकी एकदम वळली.

काल हसली ती हीच पोरं. त्यांच्यासाठी रागिणीनं अमरावतीपासून शिव्या जमवून आणल्या होत्या, चांगल्या वऱ्हाडी, बापाचा उद्धार करणाऱ्या. पण ती पोरं तिनं पाहिली. अर्ध्यांच्या डोळ्यांखाली काळं. एकाचा स्वेटर उलटा. दाराजवळची एक पोरगी बसल्या जागी झोपली होती आणि दार वाजलं तशी दचकून पेन शोधू लागली होती. शिव्या तोंडातच राहिल्या.

"प्रणाली," तिनं हाक मारली.

शेवटून दुसऱ्या बाकावर पोरगी उभी राहिली. स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढलेल्या. गणपतीत पाहिली त्याच्या निम्मी झाली होती.

पॅसेजात सरांनी शेवटचा प्रयत्न केला. "ताई, परीक्षा मेमध्ये आहे. आता नेली तर वर्ष गेलं समजा. मुलीचं आयुष्य आहे हे. भावनेच्या भरात काही करू नका."

"वर्ष जाऊ द्या. ते दरसाल येते." ती पोरीकडे वळली. "येतं का मायासोबत? का राहतं इथंच? तू सांगशीन तसं."

प्रणालीनं बाह्या आणखी खाली ओढल्या. सर घड्याळ पाहत होते. रागिणी नाही.

"मले समजूनच नाही राहिलं, मम्मी," ती म्हणाली. "पुस्तक उघडलं का अक्षरं दिसतात, पण आत जात नाहीत. ताटात काय वाढलं ते समजत नाही. रात्रभर डोळे टक्क. सकाळी वाटते, उठूच नाही आता. कधीच."

सरांनी तोंड उघडलं. रागिणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

पिशवीत दोन ड्रेस आणि टॉवेल टाकून मायलेकी अमरावतीच्या गाडीत बसल्या. बोरगाव मंजू मागं पडलं. मग रागिणीनं विचारलं, "काय पाहत होती व त्या फोनवर?"

"रील."

"कशाचे?"

"एक म्हातारी आहे. कुठल्या देशातली माहीत नाही, भाषा समजत नाही. नदीवर नुसती भांडे घासते. बोलत नाही, काही नाही. ते पाहिलं का झोप लागे." प्रणालीनं खिडकीकडे तोंड केलं. "नाही लागली तं मंग दुसऱ्या पोरी पाहो. मेडिकलच्या. पांढरा कोट घालून नाचतात, होस्टेल दाखवतात. पाहून वाटे, आपलं नाही होत आता. तरी पाहो. मंग उजाडे."

तर हे होतं गादीत शिवलेलं पाप. मित्र नव्हता, पळून जायचा बेत नव्हता. एक भांडी घासणारी म्हातारी, आणि दुसऱ्यांच्या पोरी पाहून स्वतःला ओरबाडणं. फोन काही निर्दोष नाही. निम्मी झोप त्यानंच खाल्ली. पण उरलेली निम्मी कोणी खाल्ली ते व्हिडिओत दाखवत नाहीत, कारण खाणारेच व्हिडिओ काढत असतात.

"पप्पानं पाहिला का कालचा?"

रागिणीला खोटं बोलता आलं असतं. "पाहिला. टाळ्या पाठवल्या. तू आहे हे मालूम नव्हतं त्याईले."

"आन् मालूम झाल्यावर?"

स्वेटरची बाही प्रणालीनं तोंडात धरली आणि चावत बसली. ते पाहून रागिणीनं पिशवीतून आपला फोन काढला. क्लासनं ग्रुपात आयांचेही नंबर घेतले होते, वाचायला.

"मी यात बोलतो. तुयं नाव घेऊ का? नाही म्हणशीन तं नाही घेत."

गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडात शिरली. चढणाऱ्यांनी चढून घेतलं.

"घे," ती म्हणाली. "आन् ते माइकचं बटन दाबून धर, मम्मी. सोडलं का कट होते."

रागिणीनं बटन दाबून धरलं. "पालक परिवाराले नमस्कार. काल ज्या हातायनं फोन फोडला ते हात माया पोरीचे होते. प्रणाली नितेश माहोरे, मोर्शी. तिचं तोंड झाकाची गरज नव्हती, तिनं कोनाचं चोरलं नाही. तिले झोप येत नाही, जेवण जात नाही. मी तिले अमरावतीले डोक्याच्या डॉक्टरकडे नेऊन राहिली. ज्याईनं ज्याईनं टाळ्या वाजवल्या, त्याईनं आपल्या पोराले एकदा विचारा, झोपतं का, जेवतं का. मार्क नका विचारू. फोनवर देत नसतीन तं गाडीत बसा आन् जा. दार ढकललं का उघडते, मी आजच पाहून आली."

सगळी गाडी ऐकत होती. कंडक्टर तिकिटाची मशीन हातात धरून उभा.

"बाई, तुमचं तिकीट राहिलं. कुठलं देऊ?"

"अमरावती. दोन."

मेसेज कोणी कोणी ऐकला ती यादी लांबू लागली. टाळी एक नाही. मग कोणीतरी लिहिलं, 'कृपया ग्रुपवर फक्त अभ्यासाचे मेसेज टाकावे.' त्याला लगेच अंगठे मिळाले. मग पातूरच्या कोण्या बाईचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, एकटीला. 'ताई माया पोरगाबी फोनवर नुसता रडते. कोणता डॉक्टर आहे ते सांगा. कोणाले सांगू नका मी विचारलं म्हणून.' रागिणी उत्तर टाकतच होती तेवढ्यात क्लासनं तिला ग्रुपातून काढून टाकलं.

बरं झालं.

दवाखाना राजापेठेकडं, एका मेडिकलच्या वर. जिन्यावर लोक असे तोंड चुकवत चढत होते जसे दारूच्या दुकानातून निघतात. बाकांवर बाया स्कार्फनं पूर्ण तोंड बांधून बसलेल्या, नुसते डोळे. एक माणूस हेल्मेट काढायलाच तयार नव्हता. प्रणालीनंही आपल्या गळ्यातला स्कार्फ वर घेतला. पोरीचं तोंड, पोरीची मर्जी.

कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" मग हळूच, "दुसरं लिहू का? पोरगी हाये, उद्या लग्नाचं पाहा लागते. बरेच लोक दुसरं लिहितात."

"काहून? तिनं खून केला का? लिहा, प्रणाली नितेश माहोरे. बरोबर लिहा."

हेल्मेटवाला वळून पाहू लागला.

तेवढ्यात रागिणीचा फोन वाजला. नितेश. "कुठी हाये तू? काय बोलली ते ग्रुपवर? साडभावाचा फोन आला! कोणत्या दवाखान्यात हाये?" तिनं पत्ता सांगितला आणि ठेवून दिला.

तासाभरानं नंबर लागला. डॉक्टरीण बाई चाळिशीच्या, साध्या, समोर फोन नव्हता. रागिणीनं बसल्या बसल्या सुरू केलं, क्लास, ग्रुप, हातोडी, बाप, नखं. सकाळपासून पाजळलेली जीभ होती, थांबेना. डॉक्टरीण बाईंनी ऐकून घेतलं आणि पोरीकडे पाहिलं. "तू सांग."

प्रणालीनं स्कार्फ सोडला. आईकडे पाहिलं.

"मम्मी, तू बाहेर बस."

रागिणीला क्षणभर कळलंच नाही. सकाळपासून ती साऱ्या दुनियेशी भांडत आली होती, सरांशी, ग्रुपाशी, नवऱ्याशी. ते या पोरीसाठी. आणि आता तिलाच बाहेर? ऐकायचं होतं तिला. हक्क होता तिचा, नऊ महिन्यांचा आणि सतरा वर्षांचा.

"मम्मी."

ती उठली. बाहेर येऊन दाराला लागून असलेल्या बाकावर बसली. डोळ्यांत आलेलं पाणी पदरानं पुसलं आणि हेल्मेटवाल्याकडे असं पाहिलं की त्यानं मान फिरवली.

बऱ्याच वेळानं नितेश जिना चढून आला. मोर्शीहून मोटारसायकलवर आलेला, केसांत धूळ, स्वेटरसुद्धा न घालता. चेहरा रागाचा होता. बाकांवरची बांधलेली तोंडं पाहून तो बिचकला. मग दाराकडे गेला.

रागिणीनं पाय लांब केला. दाराला आडवा.

"कोण हाये आत?"

"प्रणाली आन् डॉक्टरीण."

"काय सांगून राहिली ते?"

"मले नाही मालूम."

"तू माय हाये तिची आन् तुले मालूम नाही?"

"नाही. तिनं मलेबी बाहेर काढलं."

"मायं काही सांगून राहिली का?"

"सांगत असीन. सांगू द्या."

"पाय काढ, रागिणी. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

तो उभा राहिला. खिशातला फोन वाजला, त्यानं काढला, साडभावाचं नाव पाहिलं आणि हातातच धरून ठेवला. वाजून वाजून तो बंद झाला. बाकावर रागिणीच्या बाजूला जागा होती. तिनं बस म्हटलं नाही.

दारातून पोरीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मधेच अडकत होता, मग पुन्हा सुरू. गणपतीपासून घरातल्या कोणी तिला एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. नितेशनं दाराच्या दिशेनं कान केला.

"सरका तिकडं," रागिणी म्हणाली. "ऐकू नका."

तो दोन पावलं मागं सरकला. तिनं पाय काढला नाही.